प्रेमचंद रायचंद : दानशूर की सट्टेबाज?



नववीच्या वर्गाला मी दर वर्षी एक व्यक्तिचित्रणात्मक निबंध लिहायला देतो. विषय ठरलेला असतो, 'मला भावलेली दानशूर व्यक्ती'. वह्या तपासायला घेतल्या की नेहमीची नावं येतात. नाना शंकरशेट येतात, टाटा येतात, आणि हल्ली एखादा सिनेमातला हिरोही येतो. यात चूक काही नाही, पण पन्नास वह्यांत तेच ते वाचून माझाच पेन झोपी जातो. म्हणून यंदा ठरवलं की नमुना निबंध आपणच लिहायचा, आणि जरा वेगळ्या माणसावर. माणूस निवडला आणि तिथंच फसलो. कसा फसलो ते सांगतो.

आपलं नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्हाला माहीत आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिकिटाची खिडकी आपल्याकडे, स्टेशनमास्तरांचं ऑफिस तिकडे उच्छल तालुक्यात. मधल्या त्या बाकावर एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकून फोटो काढला नाही असा नवापूरचा एक तरी माणूस दाखवा. मी निवडलेला माणूसही त्या बाकासारखाच आहे. जन्म सुरतेचा, घरची भाषा गुजराती, आणि सगळं आयुष्य मुंबईत. नाव प्रेमचंद रायचंद. वर्गात नाव सांगितल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "सर, हे आपले की गुजरातचे?" मी म्हटलं, बाकावर बसलेले आहेत.

आता थोडं मागं जाऊ. १८४८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका लाकूड कापायच्या गिरणीपाशी पाण्यात सोन्याचे कण सापडले. बातमी फुटली आणि जगभरातून लोक तिकडे धावले. घर विकून, बायकामुलं सोडून. त्याला इतिहासात 'गोल्ड रश' म्हणतात. गंमत अशी की खणणाऱ्यांतले फार थोडे श्रीमंत झाले. श्रीमंत झाले ते त्यांना फावडी विकणारे, पीठ-कापड विकणारे आणि त्यांचं सोनं ठेवून घेऊन कर्ज देणारे. सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम राल्स्टन नावाचा असा एक बँकर होता. त्यानं १८६४ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया काढली, शहरात मोठमोठ्या इमारतींना पैसा पुरवला, हात सैल होता. १८७५ च्या ऑगस्टमध्ये बँकेनं दरवाजे बंद केले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह समुद्राच्या खाडीत सापडला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. कारण अगदी त्याच काळात आपल्याकडेही सोन्याची अशीच लाट आली होती. फक्त आपलं सोनं जमिनीतून निघालं नाही, बोंडातून निघालं.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्या तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसावर चालायच्या. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस बाहेर पडेना. मग मँचेस्टरवाल्यांनी तोंड वळवलं ते हिंदुस्थानकडे. गुजरात, वऱ्हाड आणि आपला खानदेश. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, धुळे जिल्हाही नव्हता, सगळा एकच खानदेश. रेल्वेला कसाऱ्याचा थळ घाट ओलांडायला १८६५ उजाडलं, आणि आपल्या तापी खोऱ्यातली लाईन तर विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. म्हणजे कापूस निघायचा तो बैलगाडीनं. काळ्या मातीतून, धुळीतून, कोस कोस. मुंबईला पोचला की त्याच्या दाबून गाठी व्हायच्या आणि जहाजातून लिव्हरपूल.

भाव कित्येक पटींनी चढले. सांगतात की मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूससुद्धा बाजारात आणला. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या व्यापारापेक्षा सुमारे ७ कोटी पौंड जादा मिळाले असा हिशेब त्या काळच्या लोकांनी मांडून ठेवलाय. पौंड, रुपये नव्हे. तो पैसा सोन्याचांदीच्या रूपात बंदरावर उतरत होता.

आणि या सगळ्याच्या मधोमध तिशीतला एक माणूस उभा होता.

प्रेमचंद शेठ १८३१ साली जन्मले. लहानपणीच वडील रायचंद दीपचंद यांच्याबरोबर मुंबईला आले. एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी शिकले. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण तेव्हा शेअरच्या दलालीत इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता येणारा पहिला देशी माणूस म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १८४९ च्या सुमारास, म्हणजे तुमच्यापेक्षा तीन-चारच वर्षांनी मोठे असताना, ते एका दलालाच्या हाताखाली लागले. स्मरणशक्ती अशी की सौदे कागदावर टिपून ठेवत नसत म्हणे, सगळं डोक्यात. (हे वाचून कोणी गणिताची वही आणायचं बंद करू नये.)

युद्ध पेटलं तेव्हा त्यांचं वय तीस. कापूस, बँका, कंपन्या, सगळीकडे त्यांचा शब्द चालू लागला. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन त्यांच्याच भोवती उभी राहिली. समुद्र हटवून जमीन करायची बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव चढत चढत ५०,००० पर्यंत गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती! १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्स कंपन्या आणि ८ जमीन कंपन्या होत्या असं नोंदलेलं आहे. एवढ्या बँका आपल्या अख्ख्या जिल्ह्यात आठवून बघा.

हे चाललं कसं, ते नीट समजून घ्या. परीक्षेत येणार नाही, पण आयुष्यात येईल.

पहिली गोष्ट कर्जाची. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० ची जुनी, सरकारचा हिस्सा असलेली बँक. पूर्वी तिला शेअर गहाण ठेवून कर्ज द्यायची मुभा नव्हती. १८६३ मध्ये नवा कायदा झाला आणि ती मुभा मिळाली. मग काय झालं? माझ्याकडे पाच हजारांचा शेअर. बाजारात तो वीस हजारांचा झाला. मी तो बँकेत ठेवला, पंधरा हजार उचलले, त्याचे आणखी शेअर घेतले. मी घेतले म्हणून भाव आणखी चढला. चढला म्हणून बँकेनं आणखी दिलं. साप आपलीच शेपटी गिळत चाललाय आणि सगळे म्हणतायत, बघा किती गुबगुबीत झाला. या बँकेत प्रेमचंद शेठचं वजन इतकं होतं की त्यांच्या शब्दावर मोठाली कर्जं दिली जात, असं पुढच्या सरकारी चौकशीत उघड झालं.

दुसरी गोष्ट वायद्याची. हे आपण तुरीवर करू, कारण नवापूरच्या माणसाला तुरीचं उदाहरण दिलं की लगेच कळतं. समजा आज तूर आठ हजार रुपये क्विंटल आहे. मी तुम्हाला म्हटलं, १ जुलैला तुमच्याकडून दहा क्विंटल नऊ हजारानं घेईन. आज पैसा नाही, तूर नाही, नुसता शब्द. १ जुलैला भाव बारा हजार झाला तर घरबसल्या मला तीस हजार सुटले. पण भाव चार हजारांवर आला तर? क्विंटलमागं पाच हजार, म्हणजे पन्नास हजार खिशातून. आणि माझा खिसा रिकामा आहे, कारण मी तिसऱ्याच्या शब्दावर विसंबून तुम्हाला शब्द दिला होता, आणि तिसऱ्यानं चौथ्याच्या. मुंबईत हेच शेअरचं झालं होतं. ढीगभर वायदे १ जुलै १८६५ या एका तारखेला येऊन ठेपले होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतीनं शरणागती पत्करली. युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार म्हणताच मुंबईत भाव कोसळले. जगात कुठंतरी शांतता झाली आणि मुंबई रडली, असं हे विचित्र प्रकरण. १ जुलैला देणं द्यायला कोणीच उभं राहिलं नाही. (आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. तारीख लक्षात ठेवायला तेवढीच मदत.) एका पाठोपाठ एक पेढ्या बुडाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान, गरिबांना फुकट औषध देणाऱ्या माणसालाही मोठा फटका बसला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना शंकरशेट गेले. १८६६ मध्ये खुद्द प्रेमचंद शेठचं दिवाळं निघालं. आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक आली. ती पुढं १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ मध्ये इम्पीरियलची स्टेट बँक झाली. म्हणजे माझा पगार ज्या खात्यात पडतो त्या बँकेच्या पणजीची ही गोष्ट आहे.

आता दानाकडे येऊ. लाट अगदी उंच असताना, १८६४ मध्ये, प्रेमचंद शेठनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. विद्यापीठ तेव्हा सात वर्षांचं पोर होतं, त्याला स्वतःची इमारत नव्हती. पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले आणि विनंती केली की मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं. आराखडा केला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदानं, जो कधी हिंदुस्थानात आलाच नाही. १८६९ मध्ये पाया घातला, १८७८ मध्ये काम पुरं झालं. उंची २८० फूट, खर्च सुमारे साडेपाच लाख. म्हणजे दान लाटेतलं आणि इमारत ओहोटीतली. असं सांगतात की आई राजाबाई डोळ्यांनी अधू होत्या, जैन असल्यामुळं सूर्यास्ताआधी जेवायच्या, आणि घड्याळाचे टोल ऐकून त्यांना वेळ कळायची. खरं-खोटं कोण जाणे, पण मुलांना ही गोष्ट फार आवडते.

कोलकाता विद्यापीठालाही १८६६ मध्ये २ लाख रुपये गेले. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते आणि जदुनाथ सरकारही होते. हे तेच जदुनाथ सरकार, ज्यांनी पुढं शिवाजी महाराजांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मुंबईच्या कापसाचा पैसा, बंगालचा विद्यार्थी आणि विषय आपला. अहमदाबादला त्यांच्या नावानं शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं, सुरतेला वडिलांच्या नावानं मुलींची शाळा. एकोणिसाव्या शतकात मुलींची शाळा! या माणसाच्या दानाची निवड बघा. ग्रंथालय, शिष्यवृत्ती, मास्तर घडवायचं कॉलेज, मुलींची शाळा. मास्तर म्हणून माझा जीव इथंच त्यांच्यावर जडला.

दिवाळं निघाल्यावर ते पळाले नाहीत. होतं ते देणेकऱ्यांसमोर ठेवलं आणि पुन्हा दलालीला लागले. १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांनी मिळून संघटना केली, प्रवेश फी एक रुपया. आजच्या मुंबई शेअर बाजाराची ती सुरुवात, आणि तिच्या आद्य मंडळींत प्रेमचंद शेठचं नाव घेतात. (राल्स्टनची बँक बुडाली तेही १८७५ च.) ते १९०६ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात वारले.

इथपर्यंत वर्गात मी रंगून सांगत होतो. फळ्यावर साल-सनावळी, बाजूला टॉवरचं चित्र. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला बार्डोलीकडे जातात. ती इथं आजीजवळ राहते.

ती म्हणाली, "सर, आमचे पप्पा मुकादमाकडून उचल घेतात. फिटेपर्यंत तो सोडत नाही. पुढच्या वर्षी पण जावं लागतं. मग या शेठला कसं सोडलं?"

वर्ग हसला नाही. निम्म्या वर्गाच्या घरात उचल आहे.

मी तिला दिवाळखोरीचा कायदा सांगितला. जे आहे ते सगळं कोर्टापुढं ठेवायचं, ते देणेकऱ्यांत वाटलं जातं, मग माणूस मोकळा होतो आणि पुन्हा धंदा करू शकतो. कायदा असा आहे म्हणूनच लोक धंदा करायचं धाडस करतात, हेही सांगितलं. आणि १९७६ चा वेठबिगार बंदीचा कायदा आहे, उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणं गुन्हा आहे, हेही सांगितलं. तिनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, सर बोलतायत म्हणून. मग म्हणाली, "आणि ज्यांचे पैसे गेले ते? त्यांच्या आईचं नाव कुठं लिहिलंय?"

तास संपला. घंटा झाली ते बरं झालं.

मित्रांनो, आता जे सांगतोय ते वर्गात सांगितलेलं नाही.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले तेव्हा फंड-ग्रॅच्युइटीचे मिळून जे आले त्यातले एक लाख ऐंशी हजार त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले. साडेपाच वर्षांत दामदुप्पट. गाव सांगत नाही, संस्था सांगत नाही. चेअरमन मोठा गोड माणूस, अण्णांना बघितलं की खुर्ची द्यायचा. गणपतीला वर्गणी त्याची मोठी, मयताला लाकडं त्याची, लग्नात आहेर त्याचा. तीन वर्षांनी संस्थेला कुलूप लागलं. कर्जं दिली होती आपल्याच माणसांना, तारण होतं चढ्या भावाच्या प्लॉटचं. बॅक बे काय आणि तो एन.ए. न झालेला प्लॉट काय!

अण्णा महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठेवीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघायचे. सहायक निबंधकांचं ऑफिस, मग संस्थेचं बंद शटर, मग वकील. संध्याकाळी परत. आई विचारायची नाही आणि ते सांगायचे नाहीत. बहिणीचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं. सगळं मिळून तीस हजार परत आले, तेही तुकड्यातुकड्यानं. पावती अजून ट्रंकेत आहे. अण्णा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली.

पुढं मी ज्या शाळेत लागलो तिथं हजर व्हायला गेलो आणि आवारात पाण्याची सिमेंटची टाकी दिसली. आठ नळ, वर पांढऱ्या पट्टीवर निळी अक्षरं. 'दानशूर' असं लिहून पुढं त्याच चेअरमनचं नाव आणि खाली 'यांजकडून सप्रेम भेट'. साल होतं संस्था जोरात असतानाचं.

मी कित्येक वर्षं घरून बाटली भरून नेत होतो. उन्हाळ्यातसुद्धा. कोणाला कारण सांगितलं नाही. एकदा अण्णा डबा द्यायला शाळेत आले. सायकल टेकवली, टाकीपाशी गेले, पाटी वाचली. मी स्टाफरूमच्या दारातून बघत होतो. त्यांनी नळ सोडला, तोंड धुतलं, ओंजळीनं दोन वेळा पाणी प्यायले आणि रुमालानं मिशा पुसत माझ्याकडे आले. म्हणाले, "पाणी गार आहे रे." बस्स, एवढंच. मी बाटली न्यायची बंद केली असं मात्र नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला मुंबईला गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या कडेला उभा राहून राजाबाई टॉवर बघितला. पिवळसर कुर्ल्याचा दगड, वर कोनाड्यांतून पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे पुतळे. आजूबाजूच्या इमारतींसह २०१८ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेलाय. पोरं मैदानात क्रिकेट खेळत होती. माझ्या शेजारी दोन विद्यार्थी वह्या घेऊन बसले होते, कसली तरी परीक्षा असावी त्यांची. टोल पडले तसं एकानं मान वर करून वेळ बघितली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मी बराच वेळ तिथं थांबलो. इतका सुंदर दगड बघताना मनात पिशवीतली पावती यावी याचा मला रागही आला. परत येताना चर्चगेटहून लोकल पकडली. बॅक बे कंपनीनं बुडण्याआधी समुद्रातून जी थोडी जमीन काढली होती, त्याच बाजूनं ही लाईन जाते. मग रात्रीच्या गाडीनं सुरत आणि नवापूर. सगळी पश्चिम रेल्वे.

तर निबंधात काय लिहायचं? 'दानशूर' लिहायचं की 'सट्टेबाज'? मी दोन्ही मसुदे करून बघितले. पहिल्यात टॉवर, शिष्यवृत्ती, मुलींची शाळा. वाचताना छान वाटतं, परीक्षक पैकीच्या पैकी देईल. दुसऱ्यात वायदे, चौकशी, बुडालेली बँक. तोही खोटा नाही. पण दोन्ही अर्धे. आणि मी हा लेखभर त्यांना 'ते' म्हणतोय, आमच्या चेअरमनला 'तो'. का? एकानं दीडशे वर्षांपूर्वी बुडवले आणि दुसऱ्यानं माझ्या बापाचे बुडवले, एवढंच कारण आहे की काय? फरक आहेत, नाही असं नाही. प्रेमचंद शेठनी जे गहाण टाकलं त्यात स्वतःचंही सगळं होतं. ते बुडाले तेव्हा बुडाल्याचं मान्य केलं आणि त्याच बाजारात तोंड दाखवत चाळीस वर्षं जगले. आमचा चेअरमन एका रात्रीत गाव सोडून गेला. पण त्या १ जुलैनंतर मुंबईत जे कारकून, विधवा, छोटे व्यापारी घरी बसले, त्यांना हा फरक सांगितला असता तर त्यांनी काय केलं असतं? माझ्या तोंडावर दार लावलं असतं.

आपल्या नवापूरकरांना हे परकं नाही. फेब्रुवारी २००६ आठवतो? तुम्ही जन्मलाही नव्हता, घरी विचारा. कोंबडीचा धंदा असा फोफावला होता की शेडवर शेड चढत होते. मग बर्ड फ्लू आला, सरकारी माणसं पांढरे कपडे घालून आली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्यात कोणाची लबाडी नव्हती. पण कर्ज काढून शेड बांधलेला माणूस आणि त्याला कर्ज काढ म्हणून भरीला घालणारा माणूस, दोघं दुसऱ्या दिवशी सारखे उभे नव्हते. बँकर नावाच्या माणसाचं सगळं कौशल्य लोकांनी विश्वासानं दिलेल्या पैशाशी असतं. तो पैसा त्याचा नसतो. दान करताना मात्र पाटीवर नाव त्याचंच लागतं.

त्या मुलीच्या निबंधाचं सांगायचं राहिलं. तिनं प्रेमचंद शेठवरच लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका खूप होत्या. दीड पानात त्यांचं शिक्षण, कापूस, टॉवर, आईची गोष्ट, सगळं बरोबर होतं. मग तिनं लिहिलं होतं की त्यांनी शाळा काढली हे खूप चांगलं केलं, मला ती शाळा बघायला आवडेल, पण ज्यांचे पैसे गेले त्यांची पोरं त्या शाळेत फी न भरता शिकली असती तर मी त्यांना दानशूर म्हटलं असतं. मी दहापैकी आठ दिले. दोन ऱ्हस्व-दीर्घाचे कापले, कारण ते कापायलाच हवेत.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी रंगकाम निघालं. टाकीही रंगवायची होती. मुख्याध्यापकांनी पाट्यांचा मजकूर पेंटरला द्यायचं काम माझ्याकडे दिलं, माझं अक्षर बरं म्हणून. त्यांना अण्णांचं काही माहीत नव्हतं. जुनी पाटी खरवडून टाकी पांढरी झाली होती. म्हटलं तर कागद कोरा होता. 'पाणी जपून वापरा' लिहून दिलं असतं तरी कोणी विचारलं नसतं.

मी चेअरमनचं नाव लिहिलं, साल लिहिलं, 'यांजकडून' लिहिलं. 'दानशूर' हा शब्द गाळला. 'सप्रेम'ही गाळला.

पेंटरनं चिठ्ठी वाचली, जुन्या फोटोशी ताडून बघितली आणि म्हणाला, "सर, दोन शब्द कमी झाले. पण रेट तोच राहील." मी म्हटलं राहू दे. तो शिडीवर चढला. ऊन मरणाचं होतं. माझी बाटली रिकामी झाली होती, म्हणून नळाखाली धरून भरून घेतली.